पहाटेचं पीठ

मार्च 2024 मधल्या एका मंगळवारी आमच्या इमारतीतलं पाणी सकाळी साडेसहाला संपलं आणि सातच्या सुमारास वीजही गेली. आम्ही राहतो बेंगळुरूच्या पूर्वेला, व्हाइटफील्डच्याही पुढे, जिथं कावेरीचं पाणी तेव्हा पोचलेलं नव्हतं. सगळी भिस्त बोअरवेलवर, आणि बोअरवेल आटलेली. टँकर आला तो फाटकाशी उभा राहिला, कारण पंप बंद होता. लिफ्टही बंद. वीस लिटरचा कॅन घेऊन मी चौथ्या मजल्यापर्यंत तीन खेपा केल्या. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो वजन, हे शाळेत शिकलेलं गणित त्या दिवशी पहिल्यांदा खांद्याला कळलं.

तिसऱ्या खेपेनंतर जिन्यातच बसले आणि फोन पाहिला. इमारतीच्या ग्रुपवर तक्रारींच्या मधोमध एका गृहस्थांनी लिहिलं होतं की आपण यंत्रांचे गुलाम झालो आहोत, आपले पणजोबा-पणजी वीज आणि नळाशिवाय किती सुखात राहत होते. त्याखाली अंगठ्यांची रांग. मीही एक अंगठा ठेवला. (मराठीत अंगठा दाखवणं म्हणजे नकार देणं, पण ते तूर्त बाजूला ठेवू.) अंगठा ठेवला तो सवयीनं, आणि थोडा पेशामुळेही. मी मराठी आणि कन्नडमध्ये ये-जा करणारी अनुवादक आहे. तेव्हा जात्यावरच्या ओव्या कन्नडमध्ये आणायचं काम हातात होतं, आणि त्या ओव्यांमधल्या पहाटेच्या मी जवळजवळ प्रेमात पडले होते. त्या पहाटेत वीज नव्हती, नळ नव्हता, गिरणी नव्हती.

त्या संध्याकाळपासून मी एक साधा प्रश्न घेऊन बसले. याच शहरात, समजा 1890 साली, सकाळ कशी उजाडत होती?

बेंगळुरूला नदी नाही. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवरचं हे गाव खडकाच्या पाठीवर वसलेलं. इथलं जगणं तळ्यांवर आणि विहिरींवर चाले. पेठेच्या पश्चिमेला धर्मांबुधी तळं होतं, आज तिथं मॅजेस्टिकचं बसस्थानक आहे. पूर्वेला संपंगी तळं होतं, तिथं कंठीरवा स्टेडियम आहे आणि करगा उत्सवापुरती तळ्याची एक चौकोनी आठवण शिल्लक ठेवलेली आहे. 1638 नंतर ज्या बेंगळुरूची जहागीर शहाजीराजांकडे आली, ते हेच तळ्यांचं गाव. आम्हा मराठी लोकांना त्या जहागिरीचा अभिमान फार, पण शहाजीराजांच्या वाड्यात पाणी कोण भरत होतं, हा प्रश्न मी तरी कुठल्या व्याख्यानात ऐकलेला नाही.

तळ्यांचा भरवसा पावसावर. 1876 ते 78 च्या दुष्काळात तो भरवसा तुटला. म्हैसूर संस्थानाची 1871 ची शिरगणती पन्नास लाखांच्या वर होती, 1881 ची बेचाळीस लाखांच्या आत आली. दहा वर्षांत जी वाढ व्हायला हवी होती ती धरली नाही, तरी आठ लाखांहून जास्त माणसं हिशेबातून गेलेली. रेल्वे बेंगळुरूला 1864 सालीच पोचली होती, म्हणजे हे काही आदिम काळातलं चित्र नव्हे. रेल्वे होती, तार होती, आणि पाणी मात्र घागरीनं येत होतं. या अनुभवानंतर छावणीसाठी सँकी तळं बांधलं गेलं, 1882 मध्ये. पेठेला नळाचं पाणी मिळायला 1894 उजाडावं लागलं. दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या काळात अर्कावती नदीवरच्या हेसरघट्टा तलावातून पाणी आणलं, वाटेत वाफेच्या यंत्रांनी उपसून शहरात सोडलं. नळाला कन्नडमध्ये ‘नल्ली’ म्हणतात. ‘नल्ली नीरु’ हा शब्द उच्चारताना माझ्या कन्नड मैत्रिणीच्या आज्जीच्या आवाजात थोडी तुच्छता असे, कारण विहिरीचं पाणी गोड आणि नळाचं मचूळ. पण विहिरीवरून पाणी ओढायला त्यांच्याकडे गडी होता, हेही मैत्रिणीनंच सांगितलं.

आज सरकारी हिशेब शहरातल्या माणसाला दिवसाला 135 लिटर पाणी धरतो. दहा-बारा लिटरच्या घागरीनं मोजलं तर माणशी अकरा-बारा घागरी. पाच माणसांच्या घरात साठेक खेपा. असं पाणी कुणी भरत नव्हतं, भरणं शक्यच नव्हतं. पाणीच कमी वापरलं जाई, आणि जे वापरलं जाई ते कुणाच्या तरी कमरेवरून आलेलं असे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’तले त्यांचे वडील आठवतात का? सोवळ्याचं वेड असं की घरात येणारी प्रत्येक चीज धुऊन घ्यायची, धान्यच काय, मीठसुद्धा. तो भाग आपण हसत हसत वाचतो, लक्ष्मीबाईंनी लिहिलाही तसाच आहे. पण एकदा घागरी मोजत वाचून पाहा. वडिलांच्या शुद्धतेचा सगळा खर्च घरातल्या बायकांच्या अंगावर पडत होता.

आणि ज्यांना विहिरीवर पाऊलच ठेवता येत नव्हतं त्यांचं काय? जोतीराव फुल्यांनी 1868 साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ही घटना आपण समाजसुधारणेच्या धड्यात वाचतो. ती पाणीपुरवठ्याच्या इतिहासातही वाचायला हवी. महाडच्या चवदार तळ्यावर 20 मार्च 1927 रोजी जे घडलं, तेही. पाणवठा एकच असतो तेव्हा त्याच्या काठावर उभं राहून कुणीही कुणालाही अडवू शकतं. भिंतीतून येणाऱ्या नळाशी असं उभं राहणं अवघड जातं. अशक्य होत नाही, पण अवघड जातं.

उजेडाचं थोडक्यात सांगते. आधी एरंडेल, करंजेल. कन्नडमध्ये करंजाला ‘होंगे’ म्हणतात, आणि बेंगळुरूच्या जुन्या रस्त्यांवर ही झाडं अजून सावली देतात. मग रॉकेल आलं. 1902 साली शिवनसमुद्रच्या धबधब्यावर वीज तयार झाली, ती जवळजवळ दीडशे किलोमीटर लांब कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली. तारा ओढण्याचं ते अंतर त्या काळी जगातल्या सर्वांत लांब अंतरांपैकी एक होतं. बेंगळुरूच्या रस्त्यावर विजेचे दिवे लागले ते तीन वर्षांनी, ऑगस्ट 1905 मध्ये. आधी सोनं, मग माणसं. आशिया खंडात किंवा भारतात पहिले दिवे आमचेच, असं इथं अभिमानानं सांगतात. त्या वादात मी पडत नाही.

मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या वसाहती नव्वदच्या दशकात आखल्या गेल्या, आणि 1898 च्या प्लेगनंतर लोक पेठेतून तिकडे राहायला गेले. रुंद रस्ते, हवेशीर घरं, मंदिरं, झाडं. फिरायला गेलात तर घरांच्या दोन ओळींच्या मधून मागच्या बाजूनं जाणाऱ्या अरुंद गल्ल्या दिसतील. आज तिथं स्कूटर उभ्या करतात, कुठं कुठं फुलझाडांच्या कुंड्या आहेत, एका ठिकाणी मुलं क्रिकेट खेळताना पाहिली. त्या गल्ल्या भंग्यांसाठी होत्या. घराच्या मागच्या दारानं डोक्यावरून मैला नेणाऱ्या माणसांना समोरच्या रस्त्यावर यावं लागू नये, कुणाला दिसू नये, म्हणून केलेली सोय. ‘यंत्राशिवायचं घर’ असं कुणी म्हणालं की हल्ली मला ती मागची गल्ली आठवते.

इतकं सगळं कळत होतं, तरी ओव्यांशी माझा व्यवहार सुटत नव्हता. कारण तिथं सौंदर्य आहे, आणि ते खोटं नाही.

या ओव्यांचं आणि कर्नाटकाचं नातं जुनं आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, ही नोंद बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात सापडते. तो लिहिणारा सोमेश्वर हा कल्याणीचा चालुक्य राजा, आणि त्याची राजधानी म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. म्हणजे आमच्या ओवीची इतकी जुनी दखल घेतली ती आजच्या कर्नाटकातल्या एका राजानं, आणि तीही काम करणाऱ्या बायकांच्या संदर्भात. राजाला गाणं ऐकू आलं. उखळाचा आवाज ऐकू आला की नाही, त्यानं नोंदवलेलं नाही. इकडे कन्नडमध्ये दळणाची गाणी त्रिपदीत आहेत, ‘बीसुव पद’. विजापूर भागातल्या हलसंगीच्या मित्रमंडळींनी ती गोळा करून ‘गरतिय हाडु’ या नावानं 1931 मध्ये छापली. मराठीत साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’ केलं, पुढे सरोजिनी बाबरांनी आयुष्य लावलं. आणि ऐंशीच्या दशकापासून हेमा राइरकर आणि गी पॉइतवां यांनी गावोगाव फिरून लाखावर ओव्या जमवल्या. माझ्या टेबलावर त्यातल्याच काहींच्या प्रती होत्या.

अडचण अर्थाची नव्हती, चालीची होती. कन्नड त्रिपदीत ओवी बसत होती, पण बसल्यावर ती कागदावरची वाटे. कुठं थांबायचं, कुठला शब्द ओढायचा, काही कळेना. म्हणून त्या मे महिन्यात आमच्या गावी गेले. निपाणीपासून आठेक किलोमीटरवर आमचं घर आहे. 1956 साली तो सगळा भाग म्हैसूर राज्यात गेला, त्याचं दुखणं अजून संपलेलं नाही, पण तो विषय वेगळा. पडवीत आज्जीचं जातं अजून आहे, चुलतभावानं त्यावर सायकलचा पंप आणि खताची पिशवी ठेवली होती. ते काढलं, जातं धुतलं, खुंटा ठोकून बसवला, आणि पहाटे चारला एक किलो ज्वारी घेऊन बसले. फोनमध्ये ध्वनिमुद्रण सुरू.

पहिली दहा मिनिटं बरी गेली. एक पाय लांब, एक दुमडलेला, उजव्या हातानं खुंटा, डाव्या हातानं घास. मग ओवी म्हणायला सुरुवात केली आणि लक्षात आलं की आपण कुठं श्वास घ्यायचा हे आपण ठरवतच नाही. घास घालायला हात वळतो तेव्हा फेरा मंदावतो आणि तिथंच ओळ वाकते. पुढची ओळ उचलायची ती फेरा पुन्हा वेग धरतो तेव्हा. कागदावर ज्याला मी यतिभंग समजत होते तिथं मूठभर ज्वारी होती. हे कळल्यावर मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हसले, आणि वहिनी उठून बाहेर आली.

पाऊण तासात एक किलो झालं, तेही जाडंभरडं. तळहाताला दोन फोड. खांदा दुपारपर्यंत उचलेना. आज्जीच्या घरात तेव्हा खाणारी माणसं अकरा, दोघी जावा मिळून रोजचं पाच-सहा किलो दळत. वहिनी म्हणाली, “ताई, झालं का तुमचं? मी डबा पाठवते आता गिरणीत.”

गावात गिरणी आली ती पन्नासच्या दशकाच्या शेवटी, डिझेल इंजिनवरची. तिच्या धुराड्याचा पुक पुक आवाज तीन गावांत ऐकू जाई. मी एम. ए. करत होते तेव्हा तौलनिक साहित्याच्या एका निबंधासाठी आज्जीला मुलाखत घेण्याच्या थाटात विचारलं होतं, “आज्जी, गिरणी आली तेव्हा तुला वाईट नाही वाटलं? गाणी बंद झाली की.”

आज्जी शेंगा फोडत होती. म्हणाली, “वाईट कशाला वाटंल बाई? पाचापतूर झोपाय मिळाया लागलं.”

मी पुन्हा विचारलं. गाण्यांचं काय?

“अगं, गात नसतो तर जात्यावरच डुलकी लागली असती. पोटुशी असताना सुदिक दळलंय मी, नवव्या महिन्यापतूर. तुझ्या थोरल्या आत्याच्या येळंला कळा सुरू झाल्या तवा हातात खुंटा हुता.”

मी निबंधात हे घातलं नाही. माझा मुद्दा वेगळा होता: यंत्रानं लोकपरंपरेचा आवाज कसा बंद केला, असा काहीतरी. त्यात आज्जीची झोप कुठं बसत नव्हती. निबंधाला चांगले गुण मिळाले. आज्जी 2007 मध्ये गेली, आणि तिला येत असलेल्या ओव्यांपैकी मी मोजून सतरा उतरवून घेतल्या होत्या. बाकीच्या तिला बसल्या जागी आठवत नसत. जातं फिरवल्याशिवाय पुढची ओळ येत नाही, असं ती म्हणे, आणि मी तिला जात्यावर बसवायला तयार नव्हते, ती ऐंशीची झाली होती.

तेव्हा गिरणीनं काय नेलं आणि काय दिलं, दोन्ही माझ्या घरात आहे. मला ओवी हवी आहे. ती जन्माला यायला जे लागलं ते मला कुणाच्याही वाट्याला यायला नको आहे. या दोन वाक्यांची तडजोड मला करता आलेली नाही, आणि करता येते असं म्हणणाऱ्यांवर माझा फारसा विश्वासही नाही.

गांधीजींनी 1909 च्या ‘हिंद स्वराज’मध्ये यंत्रांवर कडक लिहिलं. पण 1924 साली एका संभाषणात त्यांनी एक अपवाद केला, शिवणयंत्राचा. सिंगरनं ते यंत्र बायकोचे शिवणकामातले कष्ट पाहून केलं, म्हणून त्यामागे प्रेम आहे, असं त्यांचं म्हणणं. गंमत अशी की कष्ट करणारी बाई डोळ्यांसमोर आली तिथंच अपवाद सुचला. तोच विचार पुढे नेला असता तर अपवादांची यादी बरीच लांबली असती. बाबासाहेबांनी 1945 साली गांधीवादावर टीका करताना नेमकं इथं बोट ठेवलं: माणसाला पशूच्या जिण्यातून वर यायला फुरसत लागते, आणि यंत्राशिवाय ती फुरसत सगळ्यांना मिळू शकत नाही. ज्यांना ती आधीच आहे त्यांना यंत्राची गरज कळत नाही. आज्जीनं बाबासाहेब वाचले नव्हते. तिला पाचपर्यंतची झोप माहीत होती.

आता पुन्हा त्या मार्चकडे येते, कारण माझा 1890 चा शोध एका बाबतीत फुकट गेला. तितकं मागं जायची गरज नव्हती.

आमच्याकडे कामाला येणारी अक्का कलबुर्गीकडची आहे. ती मला अक्का म्हणते, मी तिला अक्का म्हणते, इथली रीतच तशी. मागच्या बाजूला, तळ्याच्या बांधाला लागून पत्र्याच्या खोल्या आहेत, तिथं ती राहते. उपमुख्यमंत्र्यांनी तेव्हा सांगितलेल्या आकड्यांनुसार सरकारी नोंदीतल्या तेरा हजार नऊशे बोअरवेलपैकी सहा हजार नऊशे आटल्या होत्या. पिण्याच्या पाण्यानं गाड्या धुतल्यास पाच हजार रुपये दंड, असा हुकूम निघाला होता. या सगळ्यात आमच्या इमारतीला टँकर मिळत होता, महाग पण मिळत होता. अक्काच्या वस्तीत एक नल्ली. पहाटे तीनला बिंदिग्यांची रांग लागायची, निळ्या, हिरव्या, नारिंगी प्लास्टिकच्या घागरी, प्रत्येकीवर खूण केलेली. साडेपाचपर्यंत तिच्या सहा बिंदिगे भरून होत. मग स्वयंपाक. मग आमच्याकडे आठला, टँकरच्या पाण्यात आमची भांडी घासायला.

गावाहून परतल्यावर मी तिला माझे तळहात दाखवले, थोड्या अभिमानानंच. तिनं बोट फिरवून पाहिलं आणि विचारलं, किती दळलं? एक किलो म्हटल्यावर ती तोंडाला पदर लावून हसली. तिची आई ज्वारी दळायची. गाणी तिला येत नाहीत, फक्त झोपेत ऐकू येणारी घरघर आठवते. आई पहाटे कधी उठायची ते तिनं कधी पाहिलं नाही, ती उठायची तेव्हा पीठ झालेलं असे. मी तिला माझ्या कन्नड ओव्या वाचून दाखवल्या, ज्वारीच्या मुठीपाशी थांबत. दोन ऐकून ती म्हणाली, छान आहे, पण अक्का, आज मला लवकर जायचंय, दुपारी पाणी सुटणार आहे म्हणतात.

कावेरीचा पाचवा टप्पा त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सुरू झाला. शंभरेक किलोमीटर अंतरावरून, पंपांनी शेकडो मीटर चढवून आणलेलं नदीचं पाणी काही महिन्यांनी आमच्याही टाकीत पडलं. बांधाजवळच्या वस्तीत अजून ती एक नल्ली आहे.

परवा अक्कानं विचारलं, जाताना दोन कॅन आमच्या नळावर भरून नेले तर चालतील का? मी म्हटलं, विचारायचं काय त्यात. ती दाराशी उभी राहिली. मग म्हणाली, चौथ्या मजल्यावरून दोन कॅन जिन्यानं न्यायचे, फार होतं, लिफ्टमधून न्यायला वॉचमन देत नाही, तेवढं सांगाल का? इमारतीचा नियम आहे म्हणे. इथं राहायला आल्याला मला नऊ वर्षं झाली, आणि असा नियम आहे हे मला माहीत नव्हतं. चप्पल पायात घातली आणि तिच्याबरोबर खाली गेले.